दहा हजार ल्युमेनचा दिवा ५० मिनिटांत विझला

पहाटे चारला स्वारगेटहून निघालो होतो. जुना कात्रज घाट चढून शिंदेवाडीच्या उताराला लागलो आणि सायकलचा दिवा दोनदा लुकलुकून गेला. पुढे वळण, डावीकडे खडी, मागून ट्रकचा आवाज. दोन्ही ब्रेक दाबून कसाबसा कडेला थांबलो. निघून जेमतेम ५० मिनिटं झाली होती. खोक्यावर लिहिलं होतं ‘८ तास’.

दिवा ऑनलाइन घेतला होता, ६४९ रुपयांना. १०,००० ल्युमेन (उजेडाचं माप), ९,९०० एमएएच (बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप)! दोन्ही आकडे शुद्ध थाप. चांगल्या एलईडीतून एका वॅटला साधारण १०० ल्युमेन मिळतात. म्हणजे दहा हजारांसाठी १०० वॅट लागतील, आणि ते बोटाएवढ्या सेलमधून कुठून येणार? आत १८६५० मापाचा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) एकच सेल होता. या मापाचा उत्तम सेलसुद्धा साडेतीन हजार एमएएचच्या आसपासच संपतो. अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो. माझा सेल किराणा दुकानातल्या काट्यावर २६ भरला. मोबाइल दुरुस्तीवाल्या दादांनी यंत्रावर लावून पाहिला, तर ६८० एमएएच.

परत करायला गेलो तर सात दिवसांची मुदत उलटलेली. विक्रेत्याने फोन उचलला नाही. आणि सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच: खोक्यात एक चिठ्ठी होती, पाच तारे द्या, १०० रुपये परत मिळतील. मी दिवा घरातल्या भिंतीवर पाडून बघितला आणि तारे देऊन टाकले. माझे तारे बघून आणखी कुणी तो घेतला असेल. आता एक तारा करून सेलच्या वजनाचा फोटो टाकला आहे.

स्वस्तात घ्यायचाच असेल तर २०० ते ४०० ल्युमेन लिहिलेला, आणि प्रत्येक झोताला किती वेळ चालेल ते वेगवेगळं छापलेला दिवा बघा. नुसतं ‘८ तास’ लिहिलं असेल तर ते बहुधा सर्वांत मंद झोताचं असतं. हँडलवर लावताना झोत थोडा खाली धरा, समोरच्याच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नका. मागचा लाल दिवा मात्र वेगळा घ्याच.

नवा दिवा मी १,४०० रुपयांना, दुकानात हातात धरून घेतला. त्याच रात्री पूर्ण चार्ज करून गॅलरीत मधल्या झोतावर लावून ठेवला. पावणेचार तास चालला. खोक्यावर चार लिहिले होते.