स्कुबाचे कोर्स, ओपन वॉटर ते रेस्क्यू: कार्ड वापरून बघितल्यावरचा अनुभव

मालवणला स्कुबा करून आलेलं आपल्याकडे घरटी एक तरी माणूस सापडतं, पण त्याच्या पुढे काय, कुठला कोर्स करायचा, कार्ड म्हणजे नक्की काय मिळतं, ॲडव्हान्स्ड लगेच करायचं का, हे प्रश्न मला सतत येतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. मी ओपन वॉटर, बॉयन्सी (पाण्यात एका पातळीवर स्थिर राहणं), नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा), ॲडव्हान्स्ड आणि रेस्क्यू एवढं केलंय, सगळं पॅडीचं (स्कुबा शिकवून कार्ड देणारी एजन्सी), आणि ते कार्ड, म्हणजे कोर्स झाल्याचा दाखला, घेऊन अंदमान, कर्नाटकातलं नेत्राणी बेट आणि तारकर्लीत डाइव्ह केल्यात. त्यामुळे कोर्स करताना कसं वाटलं यापेक्षा नंतर पाण्यात काय कामाला आलं ते सांगते. माझं मत आधीच सांगून ठेवते, कार्डावरची खोलीची मर्यादा वाढवायची घाई करू नका, मधे डाइव्ह करा, आणि पाण्यात आत्ता जे जमत नाहीये त्याचाच कोर्स घ्या.

आधी मालवणचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास करतात ती ट्राय डाइव्ह. इन्स्ट्रक्टर सगळा वेळ तुमची टाकी धरून असतो, पाण्यात वर-खाली व्हायला जे जॅकेट असतं त्यात हवा किती भरायची तेही तोच बघतो, तुम्ही तोंडाने श्वास घ्यायचा आणि कान मोकळे करत राहायचं. पोहता येत नसलं तरी चालतं. पाण्याखाली आपल्याला बरं वाटतं का हे कमी पैशात कळतं म्हणून प्रत्येकाने आधी ही करावीच असं मी म्हणेन. पण तिचं कार्ड मिळत नाही आणि दुसऱ्या कुठल्या डाइव्ह सेंटरला जाऊन ‘मालवणला केलंय’ सांगितलं तर ते परत ट्राय डाइव्हच देणार.

खरी सुरुवात ओपन वॉटरपासून. थिअरी आता घरी बसून ई-लर्निंगने होते, मग स्विमिंग पूल, मग समुद्रात चार डाइव्ह. इथे मात्र पोहता यायला लागतं, २०० मीटर न थांबता, वेळेचं बंधन नाही (किंवा मास्क, फिन्स, स्नॉर्केल घालून ३००), आणि १० मिनिटं तरंगत राहायचं. मेडिकल फॉर्म खरा भरा, दमा, कानाचं ऑपरेशन, बीपी असं काही असेल तर डॉक्टरची सही लागते आणि ती आयत्या वेळी बेटावर मिळवताना फार धावपळ होते. मी थिअरी आणि पूल घरच्या गावी केलं आणि समुद्रातल्या डाइव्ह हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला. याला रेफरल म्हणतात, कागद १२ महिने चालतो, सुट्टी कमी असेल त्यांनी हाच मार्ग धरावा कारण अंदमानचे महागडे दिवस पूलमधे घालवावे लागत नाहीत. मुलांना १० वर्षांपासून करता येतं, पण १० आणि ११ वर्षांच्या मुलांना १२ मीटरची मर्यादा असते आणि बरोबर आईवडील किंवा इन्स्ट्रक्टर लागतो.

या कोर्समधे सगळ्यात जास्त लोक अडतात ते मास्कपाशी. पाण्याखाली मास्क पूर्ण काढायचा, निदान एक मिनिट नाकाला पाणी लागत असताना नुसत्या तोंडाने श्वास घेत राहायचं, मग मास्क परत घालायचा, वरची कड कपाळाशी दाबायची, मान थोडी वर करायची आणि नाकातून हवा सोडून पाणी बाहेर ढकलायचं. माझा इन्स्ट्रक्टर म्हणाला होता, ‘ताई, नाकातून हळूहळू हवा सोडत रहा, हवा बाहेर जातेय तोवर पाणी आत येणारच नाही.’ एवढ्या एका वाक्याने ते जमलं. आणि हे नुसतं परीक्षेपुरतं नाही बरं का, नेत्राणीला पुढच्या डायव्हरची फिन माझ्या चेहऱ्यावर आपटली आणि मास्क निम्मा सरकला, तेव्हा हात आपोआप कपाळाशी गेला आणि दोन श्वासांत मास्क कोरडा. त्या क्षणी पूलमधली सगळी कंटाळवाणी प्रॅक्टिस वसूल झाली.

ओपन वॉटरचं कार्ड १८ मीटरपर्यंतचं असतं आणि ते एक्सपायर होत नाही. आता इथे एक गोष्ट होते. चौथी डाइव्ह संपून बोटीवर टॉवेल गुंडाळून बसलो की विचारणा सुरू होते की उद्यापासून ॲडव्हान्स्ड करून टाका, डिस्काउंट देतो. मलाही एका सेंटरने असंच सांगितलं. नियमात हे बसतं, पॅडीच्या ॲडव्हान्स्डला ओपन वॉटरशिवाय दुसरी अट नाही, मधे अमुक इतक्या डाइव्ह करा असं कुठे लिहिलेलं नाही. पण तेव्हा माझं निम्मं लक्ष वर-खाली होण्यात, निम्मं कानात, शिवाय टाकीचा काटा बघायचं बडीने (डाइव्हमधल्या जोडीदाराने) आठवण केल्यावर सुचायचं. अशा अवस्थेत ३० मीटरला जाऊन मी काय शिकणार होते? म्हणून नाही म्हटलं आणि पुढचे काही महिने नुसत्या फन डाइव्ह केल्या.

त्या काळात सगळ्यात जास्त फरक पडला तो हवेत. हिशोब साधा आहे. नेहमीची टाकी ११ लिटरची, २०० बारला भरलेली, म्हणजे २२०० लिटर हवा. वर तुम्ही मिनिटाला २० लिटर घेत असाल तर १० मीटरला दाब दुप्पट म्हणून ४० लिटर, ३० मीटरला चौपट म्हणजे ८०. शेवटचे ५० बार राखून ठेवायचे, उरले १६५० लिटर, म्हणजे ३० मीटरला वीस मिनिटांत खेळ आटोपला, त्यातही वर यायला लागणारा वेळ धरलेला नाही. नवीन माणूस घाबरून भराभर श्वास घेतो त्याचं तर अजून कमी. शांत श्वास घ्यायला कुठल्याच कोर्सचं पुस्तक शिकवू शकत नाही, तो पाण्यात उतरून उतरूनच येतो.

पहिली स्पेशालिटी, म्हणजे एकाच विषयाचा कोर्स, मी घेतली ती बॉयन्सीची, पीक परफॉर्मन्स बॉयन्सी असं लांबलचक नाव आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यात पैसा वसूल हीच. नावाला छोटा कोर्स आहे, दोन डाइव्ह, पण त्यात आधी खाली जायला बेल्टवर लावतात ते वजन तपासलं. पाण्यात सरळ उभं राहायचं, जॅकेट रिकामं, श्वास नेहमीसारखा धरलेला, तर पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं आणि श्वास सोडला की हळूच खाली जायला हवं. मी दगडासारखी खाली गेले. बेल्टवरचे दोन किलो काढले आणि सगळंच बदललं, जॅकेटचं बटण सारखं दाबावं लागेना, पाय खाली लोंबकळेनात, फुप्फुसात हवा घेतली की अर्धा फूट वर, सोडली की अर्धा फूट खाली. कोरलच्या वर हातभर अंतरावर न हलता थांबता येणं ही काय चीज आहे ते तेव्हा कळलं. आणि कोरलसाठी तर हे पाहिजेच पाहिजे, एक फिन लागली की वर्षानुवर्षं वाढलेली फांदी मोडते. ओपन वॉटर झालेल्या प्रत्येकाला मी हाच कोर्स आधी करायला सांगते.

नायट्रॉक्सबद्दल लोकांत फार गैरसमज आहे. नायट्रॉक्सने खोल जाता येत नाही, उलट मर्यादा वर येते. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, नायट्रॉक्समधे बहुतेक वेळा ३२, नायट्रोजन कमी म्हणून तुम्ही खाली जास्त वेळ राहू शकता. पॅडीच्या टेबलप्रमाणे १८ मीटरला साध्या हवेवर ५६ मिनिटं, ३२ टक्क्यांवर ९५. पण ऑक्सिजनचा दाब १.४ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही, तो वाढला तर पाण्याखाली फिट येऊ शकते, म्हणून ३२ टक्क्यांची मर्यादा साधारण ३४ मीटरपाशी येते. कोर्स बहुतेक जमिनीवरच होतो. टाकीचा व्हॉल्व्ह किंचित उघडायचा, ॲनालायझर लावायचा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, आला ३१.८, मग टाकीवरच्या टेपवर टक्केवारी, खोलीची मर्यादा, तारीख आणि स्वतःची सही. आपली टाकी आपणच तपासायची, दुसऱ्याने तपासलीये म्हणून घ्यायची नाही. दिवसाला तीन-तीन डाइव्ह करणार असाल तर हे घ्याच, वर्षातून एकदा दोन डाइव्ह करणाऱ्याला गरज नाही. टाकीतली हवा जास्त वेळ पुरते असं मात्र नाही हं, ती तेवढीच पुरते.

मग ॲडव्हान्स्ड. पाच डाइव्ह, त्यातली एक डीप आणि एक नॅव्हिगेशन सक्तीची, बाकी तीन आवडीप्रमाणे, परीक्षा नाही. कार्ड ३० मीटरचं होतं. हॅवलॉकच्या डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज या साइट १८ मीटरच्या खालच्या, तिथे न्यायचं तर सेंटर हे कार्ड मागतं, आणि त्या साइटसाठी तरी हा कोर्स करावाच. डीप डाइव्हमधे रंगांचा तक्ता बरोबर नेतात, वर लालभडक असलेला चौकोन खाली गेल्यावर मळकट तपकिरी-काळा दिसतो. पाटीवर साधी गणितं सोडवायला देतात, मला वेळ वरच्यापेक्षा जास्त लागला आणि गंमत म्हणजे खाली असताना आपण हळू झालोय हे अजिबात जाणवत नाही. नायट्रोजनची गुंगी ती हीच, आणि इन्स्ट्रक्टर समोर असताना एकदा ती अनुभवून ठेवणं फार चांगलं. नॅव्हिगेशनची डाइव्ह लोक नाक मुरडत करतात, कंपास धरून चौकोन काढायचा, फिनच्या किक मोजायच्या. अंदमानात त्याचा उपयोग कळत नाही कारण पाणी काचेसारखं, डाइव्हमास्टर (डाइव्हला नेणारा गाइड) पुढे दिसतच असतो. तारकर्लीला पाणी गढूळ असलं की दोन-तीन मीटरपलीकडे काही दिसत नाही, तिथे कंपासच कामाला येतो.

एक सावधगिरी, ‘ॲडव्हान्स्ड’ सगळीकडे एकच नाही. एसएसआय या पॅडीसारख्याच दुसऱ्या एजन्सीत पाच डाइव्हच्या कोर्सला ॲडव्हान्स्ड ॲडव्हेंचरर म्हणतात, आणि त्यांचं ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर चार स्पेशालिटी आणि २४ डाइव्ह झाल्यावर मिळतं. ओपन वॉटरच्या पातळीला मात्र पॅडी घ्या की एसएसआय, दोन्ही कार्डं सगळीकडे चालतात, त्यामुळे एजन्सीपेक्षा इन्स्ट्रक्टर बघून निवडा. एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी हे आधी विचारा आणि उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरं सेंटर बघा.

आता रेस्क्यू. दमले इतकी दुसऱ्या कुठल्या कोर्सला दमले नव्हते आणि आवडलाही सगळ्यात जास्त हाच. आधी फर्स्ट एड आणि सीपीआरचं ट्रेनिंग लागतं, मागच्या २४ महिन्यांतलं. इथपर्यंत सगळे कोर्स स्वतःबद्दल असतात, माझी हवा, माझी बॉयन्सी, माझा मास्क. रेस्क्यूपासून नजर दुसऱ्याकडे जाते. घाबरलेल्या माणसाकडे समोरून जायचं नाही, तो जीव वाचवायला तुमच्यावरच चढतो, आधी लांबून बोलायचं, फ्लोट टाकायचा, जावंच लागलं तर मागून जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह पकडायचा, टाकी गुडघ्यांत धरायची आणि त्याचं जॅकेट फुगवायचं. आणि ती शेवटची एक्सरसाइज, बेशुद्ध डायव्हर पाण्यावर आहे, दर पाच सेकंदांनी त्याला एक श्वास द्यायचा आणि मधल्या वेळात एकेक बकल सोडत त्याचं आणि स्वतःचं सामान काढत किनाऱ्याकडे ओढायचं. एक हजार, दोन हजार मोजत, बकल, श्वास, परत मोजणी, लाटेचं पाणी त्याच्या तोंडात जाऊ द्यायचं नाही. पोटऱ्यांना गोळे येतात, आणि पेशंट झालेला आपलाच मित्र असतो.

पण खरा उपयोग या सगळ्याच्या आधी होतो. नेत्राणीच्या बोटीवर एक मुलगी एकदम गप्प झाली होती, फिनचा पट्टा परत परत काढून घालत होती, नवरा फोटो काढण्यात दंग. वर्षापूर्वी माझ्या हे लक्षातही आलं नसतं. जवळ जाऊन बसले, जरा गप्पा मारल्या, तर म्हणाली आदल्या दिवशीपासून कान दुखतोय पण बोटीचे पैसे भरलेत म्हणून बोलले नाही. डाइव्हमास्टरला सांगितलं, तिने डाइव्ह सोडली आणि स्नॉर्केलिंग केलं. कुठल्याही डायव्हरवर हे प्रत्यक्षात वापरायची वेळ न येवो, पण ही नजर यायलाच हवी, म्हणून ॲडव्हान्स्डवर थांबू नका असं मी कळकळीने सांगते.

पुढचं थोडक्यात. मास्टर स्कुबा डायव्हर म्हणजे रेस्क्यू, पाच स्पेशालिटी आणि ५० डाइव्ह, तो मान आहे, त्यात नवीन काही शिकवलं जात नाही, त्यामुळे त्यासाठी म्हणून स्पेशालिटी जमवू नका. बोट डायव्हरसारखा कोर्स आपल्याकडे मला तरी वायफळ वाटतो कारण आपण बहुतेक बोटीवरूनच उतरतो, ते आपोआप शिकून होतं. डीप स्पेशालिटी ४० मीटरपर्यंत नेते, रेक (बुडालेली जहाजं) वगैरेची खरी आवड असेल तरच. डाइव्हमास्टर ही पहिली व्यावसायिक पातळी, वय १८, सुरू करताना ४० डाइव्ह, संपेपर्यंत ६०, वर ४०० मीटर पोहणं वगैरे. ज्यांना यात काम करायचंय त्यांनी तारकर्लीच्या एमटीडीसीच्या संस्थेत जरूर चौकशी करावी, आपल्या किनाऱ्यावर राहून शिकता येतं.

पावसाळ्यात आपला किनारा बंद असतो, त्यामुळे जूननंतर मोठी गॅप पडते. कार्ड चालू असलं तरी पहिली डाइव्ह रिफ्रेशर म्हणूनच करा, हात विसरतात. आणि परतीचं विमान बुक करताना शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास मोकळे ठेवा, एकच डाइव्ह असेल तर १२, अंदमानच्या पॅकेजवाल्यांना हे स्वतःहून सांगावं लागतं. मी पुढच्या सीझनला डीएसएमबीचा, म्हणजे पाण्याखालून बोटीला दिसेल असा फुगा सोडायचा कोर्स घेणार आहे, कारण नेत्राणीला करंटमधे आम्ही बोटीपासून बरेच लांब वर आलो होतो आणि तांडेलाला दिसेपर्यंत हात हलवत बसावं लागलं. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक हे पाण्याखालचं कोरलचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, तिथे कधी जायला मिळालं तर हा फुगा बरोबर असायलाच हवा.