७४ मिनिटं, मध्येच उठू नका

उपग्रहाच्या प्रतिमांवरून पिकांची तब्येत ओळखणं हे माझं रोजचं काम. निरोगी पान अवरक्त किरणं भरपूर परावर्तित करतं आणि आमच्या नकाशांवर ते लालभडक दिसतं. त्यामुळे रिचर्ड मॉस या आयरिश कलाकाराच्या 'ब्रोकन स्पेक्टर' (२०२२) या दालनात दाखवायच्या ७४ मिनिटांच्या चित्रफितीतले रंग मला नवे नव्हते. तरी दहाव्या मिनिटाला मी टिपणवही पिशवीत ठेवून दिली.

विषय अ‍ॅमेझॉनच्या जंगलाचा विध्वंस. छायाचित्रण ट्रेव्हर ट्वीटनचं, ध्वनी बेन फ्रॉस्टचा. अंधाऱ्या दालनात लांबच लांब पडदा; त्यावर कधी एकच दृश्य, कधी शेजारीशेजारी तीन-चार. मल्टिस्पेक्ट्रल, म्हणजे प्रकाशाचे डोळ्यांना न दिसणारे पट्टेही वेगवेगळे टिपणाऱ्या कॅमेऱ्याने आकाशातून टिपलेलं रान जांभळं-गुलाबी दिसतं, तर कृष्णधवल अवरक्त फिल्मवर तीच पानं पांढरीफटक. त्या पांढऱ्या रानात आगी लागतात, गुरं हाकली जातात, सोन्यासाठी नदीकाठ उकरला जातो.

मला सगळ्यात धरून ठेवलं ते रात्रीच्या दृश्यांनी. अतिनील प्रकाशात जंगलाची जमीन चमकते. बोटाच्या पेराएवढी जागा, पण सगळा पडदा व्यापून उरते. एवढ्याशा जागेत इतकं काही जगतंय, हे मी कामाच्या नकाशात कधीच पाहिलं नव्हतं. तिथे एका ठिपक्यात अख्खं शेत मावतं.

आणि मग ती तरुणी, अ‍ॅमेझॉनमधल्या यानोमामी या आदिवासी समाजातली. थेट कॅमेऱ्यात बघत ती ब्राझीलचे तेव्हाचे अध्यक्ष बोल्सोनारो यांना खडसावते, आणि चित्रण करायला आलेल्यांनाही सोडत नाही. ज्या तंत्राने हे जंगल इतकं देखणं दिसलं, तेच खाणकंपन्या आणि बडे शेती उद्योगही वापरतात. मीही त्याच तंत्रावर पोट भरते. तिच्या बोलण्यातून मला स्वतःला वगळता आलं नाही.

ध्वनी काही ठिकाणी फारच अंगावर येतो. नुसतं बघू दिलं असतं तर बरं झालं असतं. मी पाहिलं तिथे दाराशी खेळाच्या वेळाही लावलेल्या नव्हत्या, लोक मध्येच येऊन पाच मिनिटांत बाहेर पडत होते. कोणता रंग कशाचा, हे सांगणारा एक साधा फलक तरी हवा होता. नाहीतर गुलाबी रान ही नुसती शोभा वाटते, आणि हे काम शोभेचं नाही.

कुठे लागलं तर आधी सुरुवातीची वेळ विचारा. मागे बसा, पूर्ण पडदा नजरेत येईल असे.