फेंगडे पाय: थांबायचं, पट्टा, प्लेट की हाडाचं ऑपरेशन?

मूल चालायला लागलं की घोटे जुळवूनही गुडघ्यांमधली फट दिसते आणि घरात काळजी सुरू होते. बहुतेक वेळा ती विनाकारण असते. बाळाचे पाय जन्मतःच १० ते १५ अंश बाहेर वाकलेले असतात. दीड-दोन वर्षांत ते सरळ होतात, मग उलटे आत झुकतात. तीन-चार वर्षांच्या मुलाचे गुडघे एकमेकांना घासतात ते त्यामुळेच. सातव्या वर्षाच्या सुमारास कायमची ठेवण येते.

म्हणून मूल दोन वर्षांच्या आतलं असेल, दोन्ही पाय सारखेच वाकले असतील आणि उंची नीट वाढत असेल, तर थांबा. मालिश आणि खास बूट यांनी हाड सरळ होत नाही, तो खर्च वाचवा. त्याऐवजी दर तीन महिन्यांनी एक फोटो काढा: मूल उताणं, घोटे जुळलेले, गुडघ्याच्या वाट्या बरोबर छताकडे. वाटी जरा फिरली तरी सरळ पायही वाकडा दिसतो. फट टेपने मोजून तारखेसह लिहून ठेवा. डॉक्टरांना ‘वाढल्यासारखं वाटतं’ यापेक्षा त्या नोंदीचा जास्त उपयोग होतो.

बाक एकाच पायाला असेल, दोन वर्षांनंतर वाढत असेल, मूल बुटकं राहत असेल किंवा पाऊल टाकताना गुडघा बाहेर झटका देत असेल, तर मात्र थांबू नका. एक्स-रे आणि रक्ततपासणी करून घ्या.

त्यात मुडदूस (हाडं मऊ पडण्याचा आजार) निघाला तर आधी औषध. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम सुरू केल्यावर एक्स-रेत काही आठवड्यांत फरक दिसतो, पाय सरळ व्हायला मात्र कित्येक महिने लागतात. आनुवंशिक, फॉस्फेट कमी पडणाऱ्या प्रकारात साधं ड जीवनसत्त्व पुरत नाही, तिथे उपचार वेगळे. आजार आटोक्यात नसताना केलेलं ऑपरेशन वाया जाऊ शकतं, बाक परत येतो.

नडगीच्या वरच्या टोकाची आतली बाजू नीट वाढत नसेल तर तो ब्लाउंटचा आजार. तीन वर्षांच्या आत, सुरुवातीच्या टप्प्यात मांडीपासून पावलापर्यंतचा पट्टा लावून बघतात. त्याचा पुरावा कच्चाच आहे, कारण पट्टा लावलेल्यांपैकी काही मुलं तशीही सुधारली असती. तो रोज तासन्‌तास मुलाच्या पायात ठेवणं जमणार असेल तरच हा मार्ग धरावा, असं मला वाटतं, आणि तोही मुदत ठरवून. या वयात सुरू झालेल्या आजारात हाडाचं ऑपरेशन चौथ्या वर्षाच्या आत झालं तर बाक परतण्याची शक्यता कमी असते. पट्ट्याच्या आशेवर ती वेळ गमावू नये.

खरी निवड मोठ्या मुलांत, प्लेट की हाड कापणं यात असते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दोन स्क्रूंची छोटी प्लेट बसवली की तिथली वाढ अडते, आतली चालू राहते आणि पाय हळूहळू सरळ होतो. महिन्याला साधारण एक अंश. मूल काही दिवसांत चालतं. पण तपासण्या चुकवल्या तर पाय उलट्या बाजूला जातो, प्लेट काढायला पुन्हा ऑपरेशन लागतं आणि ती काढल्यावर थोडा बाक परतू शकतो. वजनदार मुलांत स्क्रू तुटतात. नडगीला पीळ असेल तर तो प्लेटने सुटत नाही.

हाड कापून जोडलं की बाक आणि पीळ एकदमच दुरुस्त होतात, वाढ शिल्लक असण्याची अट नाही. त्याबदल्यात काही आठवडे प्लास्टर किंवा पायाभोवती कड्यांची चौकट, आणि नस किंवा रक्तपुरवठा दबण्याचा धोका. ऑपरेशननंतर औषधाला न जुमानणारं दुखणं आलं किंवा बोटं वर उचलता येईनाशी झाली, तर सकाळची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवा.

वाढ भरपूर शिल्लक असेल आणि पीळ नसेल तर मी आधी प्लेटचाच विचार करेन. मात्र गुडघ्याजवळची वाढ मुलींमध्ये साधारण १४ व्या आणि मुलांमध्ये १६ व्या वर्षी थांबते. तेव्हा १३ वर्षांच्या मुलीला प्लेट सुचवली, तर हाताच्या एक्स-रेवरून तिच्या हाडांचं वय पाहिलंय का, हे होकार देण्याआधी विचारा.