रिफंड ४१,६०० चा, भरले ७०,२००: टक्केवारीवर रिटर्न भरणाऱ्यांपासून लांब राहा

माझ्या नावावर राजकीय पक्षाला २,००,००० रुपयांची देणगी दाखवली गेली. मी आजवर कुठल्याच पक्षाला १०० रुपयेसुद्धा दिलेले नाहीत.

देवगडात रिटर्न भरून देणारा माणूस. पाटीवर टॅक्स कन्सल्टंट, पण सीए नव्हे. २०२३ च्या जुलैत पगाराचा फॉर्म १६ घेऊन गेलो. पीपीएफ, विमा धरून ८०सी ची, म्हणजे बचतीवरच्या करसवलतीची, दीड लाखाची मर्यादा भरलेली होती. म्हणाला, "अजून वाचतले. भिऊ नकात, ह्या प्लॅनिंग आसा, चोरी नाय. सगळे करतत." त्याआधी आमच्या आंब्याच्या कलमांबद्दल बोलला, की बागेतल्या आंब्याचं उत्पन्न करमुक्त असतं. ते तर खरंच आहे! एक खरं सांगून त्याच्या आडून दुसरं खोटं खपवलं. माझ्या जागी कुणीही विश्वास ठेवला असता.

फी विचारली तर म्हणाला, रिफंडच्या १५ टक्के. तिथेच उठायला हवं होतं. रिटर्न भरण्याचं काम सगळ्यांचं सारखंच, मग फी रिफंडवर का? रिफंड फुगला की त्याचा वाटा फुगतो, म्हणून. शिवाय हिशोबाचा कागद त्याने समोर ठेवला होता. त्यात ८०जीजीसी (राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीवरची सवलत, हे मला नंतर कळलं), पुढे २,००,०००. पक्षाचं नाव नाही, पावती नाही, नुसता आकडा. मी बोट ठेवून विचारलं. "ती सवलत आसा," म्हणाला आणि लगेच ओटीपी मागितला. त्या कलमाखाली नेमकं काय येतं हे पगारदार माणसाला कुठून ठाऊक असणार? ओटीपी दिला. ऑगस्टात ४१,६०० आले, त्यातले ६,२४० त्याने नेले.

ओटीपी देण्याआधी रिटर्नची ओळ न् ओळ वाचा. ज्या रकमेची पावती तुमच्या घरात नाही, ती रिटर्नमध्ये असता कामा नये. पीपीएफचं पासबुक दाखवता येतं, म्हणून ते नियोजन. न दिलेली देणगी दाखवली की ती करचोरी, मग कुणी तिला कितीही गोड नाव देवो.

२०२५ मध्ये आयकर विभागाचा एसएमएस आला: देणगीचा दावा तपासा. पोर्टल उघडून घेतलं तर माझ्या खात्यावर ईमेल त्याचा! मेल सगळे त्याच्याकडे जात होते. आपला ईमेल आणि पासवर्ड आजच तपासा.

खोटी देणगी काढून अद्ययावत रिटर्न, म्हणजे जुन्याच वर्षाचं दुरुस्त केलेलं रिटर्न, भरलं. कर ४१,६००, व्याज ५,२००, त्या बेरजेवर ५० टक्के अतिरिक्त कर २३,४००. एकूण ७०,२००.

पोलीस ठाण्यात गेलो तर "ओटीपी तुम्हीच दिलात ना?" आयकरवाल्यांकडे गेलो तर रिटर्न तुमच्या नावाचं, जबाबदारी तुमची, त्या माणसाची तक्रार पोलिसांत करा. पोलीस म्हणतात हा आयकराचा विषय. हेल्पलाइनवर छापील उत्तर. अहो, एकाच माणसाच्या हातून किती रिटर्नांत अशाच देणग्या गेल्या, हे तुमच्या संगणकावर दिसत नाही का? मला शोधून काढता येतं, त्याला नाही? कर भरणाऱ्याच्या मानगुटीवर बसायचं आणि ज्याने टक्केवारी खाल्ली त्याला साधं बोलावून विचारायचंही नाही! ६,२४० परत मागितले तर आता तो फोन उचलत नाही, टेबल मात्र चालू आहे.

त्याच्याकडून, किंवा तशा कुणाकडूनही, रिटर्न भरलं असेल तर नोटिशीची वाट बघू नका. चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर दंड कराच्या २०० टक्के, म्हणजे माझ्या बाबतीत ८३,२०० झाला असता, कर आणि व्याज वेगळं.