ड्वार्फ म्हणून घेतलेला चार किलोंचा ससा

मुलीच्या हट्टाखातर फेब्रुवारीत आम्ही नाशिकमधल्या एका पेट शॉपमधून ससा घेतला. दुकान स्वच्छ आहे, पिंजऱ्यांना वास येत नाही, पिल्लू हातात घेऊन पाहू देतात आणि वाळलेले गवत तेथे बाराही महिने मिळते, ही जमेची बाजू आधीच नोंदवतो. सशाचे मुख्य अन्न गाजर नसून गवत आहे, कारण त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चघळूनच ते झिजतात, हे तेथे काम करणाऱ्या मुलाने न विचारता सांगितले. माझी तक्रार आहे ती जातीबद्दल.

आम्ही इंदिरानगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. दोन बेडरूमचे घर, पश्चिमेकडे बाल्कनी आणि दिवसभर घरात फक्त आई. हे सगळे ऐकून घेतल्यावर मालकांनी तळहातावर मावेल असे पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे पिल्लू पुढे ठेवले आणि म्हणाले, “सर, हा ड्वार्फ आहे, एवढाच राहतो. फ्लॅटसाठी एकदम बेस्ट.” गेल्या आठवड्यात पशुवैद्यांच्या काट्यावर त्याचे वजन 3 किलो 900 ग्रॅम भरले. तो न्यूझीलंड व्हाइट निघाला. नावात न्यूझीलंड असले तरी ही जात अमेरिकेत, मुख्यतः मांसासाठी तयार झाली आणि पूर्ण वाढ झाल्यावर ती साडेचार-पाच किलोंपर्यंत जाते. आम्हाला दिलेले पिल्लू जेमतेम महिन्याचे असावे, म्हणजे आठ आठवड्यांआधीच ते आईपासून तोडले होते.

खरा नेदरलँड ड्वार्फ पूर्ण वाढल्यावर एक किलोच्या आसपास असतो, त्याचे डोके गोल आणि कान सुमारे पाच सेंटिमीटरचे असतात. आमच्या पिल्लाचे कान पहिल्याच दिवशीच्या फोटोत डोक्यापेक्षा लांब दिसतात आणि मागचे पाय तर मोठ्या भावाचे बूट घातल्यासारखे आहेत. दुकानात मात्र आम्ही सगळे त्याच्या हलणाऱ्या नाकाकडेच पाहत होतो.

गंमत अशी, की खरा ड्वार्फ मिळाला असता तरी सात वर्षांच्या मुलीच्या घरात तो कितपत रमला असता याची मला शंका आहे. ही जात चपळ आणि घाबरट असते, उचललेले तिला सहसा आवडत नाही, आणि धडपडून हातातून सुटली तर पाठीला इजा होऊ शकते. आमचा धिप्पाड गडी उलट शांत आहे; मुलगी अभ्यासाला बसली की तिच्या पायाशी आडवा होतो. त्याला जागा मात्र हवी. दुकानाने गळ्यात मारलेला दोन फुटी, तारेच्या तळाचा पिंजरा दोन महिन्यांत अपुरा पडला आणि त्या तारेने त्याच्या टाचा सोलल्या, म्हणून आता हॉलचा एक कोपरा सतरंजी घालून त्यालाच दिला आहे.

दुकानात त्याच रांगेत लांब, लोकरी केसांचा एक अंगोरा ससाही होता आणि आम्ही त्याच्यावर भाळलो होतो. त्याला रोज नाहीतर दिवसाआड विंचरावे लागते. गिळलेले केस पोटात साठले तर ससा ते ओकून टाकू शकत नाही, कारण त्याला उलटी होतच नाही. आपल्या देशात अंगोरा पाळतात तो हिमाचलात कुलूसारख्या थंड भागात. नाशिक हवेशीर म्हणून ओळखले जात असले तरी एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि तिशीच्या पुढेच सशाला त्रास होऊ लागतो. आमच्या आखूड केसांच्या सशासाठीसुद्धा दुपारी गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी लागली आणि बाल्कनी पूर्ण बंद करावी लागली. दुकानात या उन्हाळ्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नव्हते.

तक्रार घेऊन गेलो तेव्हा मालकांनी वाद घातला नाही, उलट ससा बदलून देण्याची तयारी दाखवली. घरी सांगितल्यावर आई म्हणाली, “बदलून आणायला ती काय चप्पल आहे?”

पाचपैकी अडीच तारे देतो: दोन गवतासाठी आणि स्वच्छतेसाठी, अर्धा त्या कामगार मुलासाठी. गवत अजूनही तेथूनच आणतो. ससा घ्यायचा असेल, तर पिल्लाचे आईबाप दाखवा असे आधी म्हणावे, आणि ते नसतील तर निदान कान तरी मोजावेत.