नळीचं तोंड की तोंडावरचा कॉम्प: स्पर्धेच्या रिव्हॉल्व्हरवर आधी काय करून घ्यावं?

स्पर्धेसाठी रिव्हॉल्व्हर घेतलं की वर्षभरात हा प्रश्न पडतोच: क्राउन (नळीच्या तोंडाची आतली कड) नव्याने कापून घ्यावा की कॉम्पेन्सेटर, म्हणजे कॉम्प (नळीच्या तोंडावर बसणारा, वायू वळवून धक्का कमी करणारा भाग), बसवावा? दोन्ही कामं नळीच्या तोंडाशीच होतात, दोन्ही गनस्मिथच (बंदुकीचा कारागीर) करतो, म्हणून लोक त्यांना एकाच तराजूत घालतात. मुळात त्यांची दुखणी वेगळी आहेत. क्राउनचा संबंध गोळी कुठे लागते याच्याशी आणि कॉम्पचा संबंध पहिल्या गोळीनंतर तुमचं साइट (नेम धरायची खूण) किती लवकर परत जागेवर येतं याच्याशी. टार्गेटवर भोकं पसरत असतील तर जगातला कुठलाही कॉम्प ती गोळा करून देणार नाही.

आधी क्राउन. नळीतून बाहेर पडताना गोळीचा धातूशी शेवटचा संबंध येतो तो रायफलिंगच्या (नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या) या कडेशी. कड सगळीकडून सारखी असेल तर मागचा वायू गोळीच्या बुडाभोवती एकाच क्षणी सुटतो. एका बाजूला खरवड किंवा बारीक बुरूर (धातूचा वर आलेला कंगोरा) असेल तर तिथून तो आधी निसटतो आणि गोळीच्या बुडाला तिरका धक्का बसतो. मिलिमीटरच्या अंशाएवढा दोष 25 मीटरवर दिसायला लागतो, 50 वर तर लपतच नाही.

रिव्हॉल्व्हरचं इथे एक खास दुर्दैव आहे. बोल्ट रायफलची नळी मागून साफ करता येते. रिव्हॉल्व्हरमध्ये मागे फ्रेम आडवी येते, त्यामुळे सळई तोंडाकडूनच घालावी लागते. मळकट सळई वर्षानुवर्षं त्याच कडेवर घासत राहते. अनेक ‘म्हाताऱ्या’ नळ्या गोळ्यांनी झिजलेल्या नसतात, मालकाच्या स्वच्छतेच्या हौसेनं झिजलेल्या असतात. तोंडाशी गाइड (सळई मध्यभागी धरणारा तुकडा) लावला किंवा सिलिंडरकडून ओढून काढायची केबल वापरली तर हा प्रश्न बराचसा टळतो.

तपासणी सोपी आहे. रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री करा, कापसाची काडी कडेवरून आतून बाहेर फिरवा. कुठे तंतू अडकला तर तिथे बुरूर आहे. थोडा गोळीबार झाल्यावर नळीच्या तोंडावर काजळीची चांदणी उमटते, ती भिंगाखाली पाहा. पाकळ्या सारख्या असतील तर वायू सगळीकडून सारखा सुटतोय. एक पाकळी लांब आणि समोरची आखूड असेल तर क्राउनवर संशय घ्यायला जागा आहे.

पण गनस्मिथकडे धावण्याआधी एक चाचणी कराच. सिलिंडरच्या चेंबरांवर (काडतूस बसायच्या खान्यांवर) मार्करने आकडे टाका, रेस्टवरून (टेकूवरून) प्रत्येक चेंबरमधून पाच-पाच गोळ्या वेगवेगळ्या टार्गेटवर मारा. कंटाळवाणं काम आहे, अर्धी सकाळ जाते. तरीही करा, कारण क्राउन सगळ्या चेंबरांना सामाईक असतो. पाच चेंबर एकत्र मारताहेत आणि एकच बाहेर फेकतोय, तर दोष त्या चेंबरच्या थ्रोटचा (पुढच्या तोंडाचा) किंवा टायमिंगचा (चेंबर नळीसमोर नेमकं येण्याचा) आहे, क्राउन निर्दोष. मी स्वतः एकदा ही चाचणी टाळून क्राउन कापून घेतला. छान चकचकीत कड मिळाली आणि ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पसारा) होता तसाच राहिला. चार नंबरचं चेंबर तेव्हाही बाहेर मारत होतं, नंतरही.

सगळीच चेंबरं पसरवत असतील तरी क्राउनच्या जोडीला आणखी दोन संशयित तपासायचे: फोर्सिंग कोन (नळीच्या मागच्या टोकाचा निमुळता भाग, जिथून गोळी नळीत शिरते), आणि नळी फ्रेममध्ये जिथे आटे घेऊन बसते तिथली आवळलेली जागा. मऊ शिशाचा तुकडा हाताने ढकलत नेला तर ही आवळण बोटांना कळते. ती असेल तर क्राउनवर खर्च करणं म्हणजे आजार पोटात आणि लेप कपाळावर.

क्राउनच्या आकारावरून वाद भरपूर घालतात. 11 अंशांचा, गोलसर, खोलगट असे प्रकार आहेत. माझं मत: अंशापेक्षा कड नळीच्या अक्षाशी काटकोनात आणि समकेंद्री असणं महत्त्वाचं. खोलगट प्रकाराचा खरा फायदा एवढाच की कड आत राहते, त्यामुळे टेबलावर आपटलं तर मार बाहेरच्या रिंगला बसतो.

आता कॉम्प. तो वायूवर चालतो, हे वाक्य विकत घेण्याआधी तीनदा वाचावं. गोळीमागून येणारा वायू कॉम्पमधल्या आडव्या भिंतीवर आदळून नळीला पुढे ओढतो, आणि वरच्या भोकांतून सुटताना तोंड खाली दाबतो. वायूच कमी असेल तर काम कोण करणार? .38 स्पेशल काडतुसाच्या कमाल दाबाची मर्यादा 17,000 पीएसआय (दाबाचं एकक), .357 मॅग्नम आणि 9 मिमीची 35,000. शिवाय रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्या फटीतून थोडा वायू आधीच निसटतो. टार्गेटच्या वॉडकटर (सपाट तोंडाच्या गोळीच्या) काडतुसात पावडर जेमतेम पावणेतीन ग्रेन (वजनाचं छोटं एकक) असते, पूर्ण मॅग्नम भारात तिच्या पाचपट. पहिल्यावर कॉम्प लावला तर तो बहुतेक वजनाचं काम करतो.

आणि पुष्कळांना जाणवतो तो परिणाम या वजनाचाच असतो. पुढे जडपणा आला की तोंड कमी उडतं. पीपीसीसाठी (पोलिसांच्या सरावातून आलेली नेमबाजी स्पर्धा) रिव्हॉल्व्हर बांधणारे जाड, जड नळ्या बसवायचे ते यासाठीच: स्थिर पकड, हलका वॉडकटर, आणि तोंडाशी नीट कापलेला क्राउन.

पॉवर फॅक्टरचं (काडतूस पुरेसं जोरदार आहे का हे ठरवणारा स्पर्धेतला आकडा) गणित मांडलं की कॉम्पची बाजू स्पष्ट होते. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रतिसेकंदात, गुणाकार भागिले 1000. 158 ग्रेनची गोळी 800 फुटांनी गेली तर 126.4. हाच आकडा हलक्या, वेगवान गोळीनेही गाठता येतो. जड-संथ गोळीला पावडर कमी लागते, धक्का मवाळ बसतो, कॉम्पला खायला काही उरत नाही. हलकी-वेगवान गोळी वायू भरपूर देते, कॉम्प जोमात चालतो, आणि शेजारच्या नेमबाजाचे कान व कपाळ तुम्हाला लक्षात ठेवतात. म्हणजे कॉम्प घ्यायचा तर काडतूसही त्याच्यासाठी बदलायचं, नाहीतर घेऊ नये. त्यातून डबल अ‍ॅक्शनमध्ये (ट्रिगरच्या एकाच ओढीत घोडा चढून सुटतो) दोन गोळ्यांमधला बराच वेळ ट्रिगर ओढण्यात जातो. तेवढ्यात साइट आपोआप परत आलेलं असतं.

नियमांच्या बाबतीत तुलनाच होत नाही. क्राउनबद्दल सहसा कुणी विचारत नाही. कॉम्पने मात्र तुमचा विभाग ठरतो. आयपीएससी या प्रॅक्टिकल नेमबाजीच्या संघटनेच्या रिव्हॉल्व्हर विभागात कॉम्प आणि पोर्ट (नळीला पाडलेली भोकं) दोन्ही चालत नाहीत. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या (आयएसएसएफ) 25 मीटर सेंटर फायर प्रकारातही नाहीत. आयकोर या रिव्हॉल्व्हर स्पर्धांच्या संघटनेच्या ओपन विभागात चालतात. तुम्ही जिथे खेळता तिथलं चालू नियमपुस्तक आधी उघडा, मग गनस्मिथकडे जा.

नळीलाच भोकं पाडायचं पोर्टिंग हा तिसरा रस्ता. मॅग-ना-पोर्ट ही कंपनी हे काम विद्युत ठिणगीने धातू झिजवून करते आणि काम देखणं असतं. पण पोर्टपासून पुढे नळी गोळीला पूर्ण जोर देत नाही, त्यामुळे वेग थोडा घटतो आणि काठावर असलेला पॉवर फॅक्टर घसरू शकतो. शिवाय भोक बुजवता येत नाही. विभाग कायमचा बदलतो. आट्यांवर बसणारा कॉम्प काढता येतो. स्मिथ अँड वेसनचं आठ गोळ्यांचं 9 मिमी मॉडेल 929 काढता येण्याजोगा कॉम्प घेऊनच येतं, ते याच सोयीसाठी. फक्त कॉम्प काढल्यावर वजन बदलतं, गोळी लागण्याची जागाही सरकू शकते, साइट पुन्हा लावावं लागतं.

कॉम्पचे रोजचे त्रास आणखी: शिशाच्या गोळ्यांनी कप्पे भरतात, ऑप्टिकची (भिंगाच्या साइटची) काच काळी होते, होल्स्टर बदलावा लागतो. भोक समकेंद्री नसेल तर गोळी आतल्या भिंतीला चाटून जाते. आधी ग्रुप फुटतो, मग कधीतरी कॉम्पच.

तेव्हा माझी वाटणी अशी. अचूकतेची स्पर्धा आणि हलकी काडतुसं असतील तर कॉम्प विसरा; चेंबरांची चाचणी करा आणि दोष क्राउनचाच निघाला तर तो कापून घ्या. नवीन रिव्हॉल्व्हर असेल आणि चांदणी सारखी उमटत असेल तर तेही नको, ते पैसे काडतुसांवर घाला. ओपनमध्ये .357 किंवा 9 मिमीने वेगवान गोळी मारणार असाल तर कॉम्प घ्या, पण क्राउनही त्याच वेळी करा. कॉम्पच्या आत दडलेला क्राउन नंतर तपासणं कटकटीचं असतं. गनस्मिथला स्पष्ट सांगा की आटे आणि क्राउन लेथवर एकाच बांधणीत कापायचे, नळी मध्ये सोडवायची नाही. दोन्हींचा अक्ष एक राहतो तो तेव्हाच. ‘नंतर बघू’ म्हणाला तर दुसरा गनस्मिथ शोधा.