बुधवारचा बाजार, गोदाघाट (नाशिक) : आईच्या डोळ्यांसाठी घेतो ते

दिवाळीच्या साफसफाईत आई देवघरापुढची फरशी पुसताना थांबली आणि म्हणाली, "ही रेघ मधेच वाकडी का गं?" रेघ सरळच होती. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कळलं, डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध असणारा मॅक्युला वयोमानानं झिजतोय. कोरडा प्रकार, मधला टप्पा. गोळ्या लिहून दिल्या आणि घरी भिंतीला लावायला एक चौकटी-चौकटींचा कागद दिला. रोज एकेक डोळा झाकून त्याच्याकडे बघायचं, रेघा जास्त वाकल्या तर लगेच यायचं.

मी आधी चुकीच्या जागी पैसे घातले. एका ज्यूसवाल्याकडे 'नजर तेज करणारा' गाजर-संत्र्याचा रस मिळायचा, १२० रुपये ग्लास. पंधरा दिवस आणला. आईला शुगर आहे, ती वाढली, तेव्हा कुठे विचारलं तर म्हणाला, थोडा साखरेचा पाकही टाकतो. फार राग आला मला. गाजरातलं बीटा-कॅरोटीन शरीरात अ जीवनसत्त्व बनतं आणि ते कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, हे खरंच आहे. पण आईला ती कमतरता नव्हतीच. मॅक्युलात साठतात ती पिवळी द्रव्यं निराळी, ल्युटीन आणि झियाझँथिन, आणि ती मिळतात हिरव्या पालेभाजीत, पिवळ्या मक्यात, अंड्याच्या बलकात.

म्हणून आता दर बुधवारी घाटावरचा बाजार. मखमलाबादकडून येणाऱ्या एका मावशींकडेच मी पाला घेते. पालक, मेथी, शेपू, कधी शेवग्याचा पाला. जुडी उलटी करून बघायची: मुळाला ओली माती असली आणि देठ कट्कन मोडला तर घ्यायची. त्या स्वतःच सांगतात, "ताई, हा मेथीचा ढीग कालचा, तो नको नेऊ." असं सांगणारा माणूस बाजारात सापडला की सोडू नये. जुडी पंधरा-वीस रुपयांना पडते. सकाळी नऊच्या आत पोचा, उन्हानं पाला मान टाकतो. गाडी लांब लावून चालत जावं लागतं, दोन पिशव्या घेऊन परत येताना खांदे भरून येतात, एवढाच काय तो त्रास.

घरी आणल्यावरची गोष्ट महत्त्वाची. ल्युटीन तेला-तुपातच विरघळतं, त्यामुळे नुसता उकडलेला पालक आम्ही बंद केला. लसणाची फोडणी आणि वर मूठभर शेंगदाण्याचं कूट, आई चाटूनपुसून खाते. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी चालू असणाऱ्यांनी मात्र पालेभाजी एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, तिच्यातलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या आड येतं.

फळांत पहिला मान पेरूचा. क जीवनसत्त्व संत्र्याच्या तिप्पट-चौपट, आणि चावून खाल्ला की चोथाही पोटात जातो. पपई अर्धी पिकलेली घेते, दोन दिवस कागदात गुंडाळून ठेवते. द्राक्षं आमच्या नाशिकची, ती आणल्याशिवाय कसं चालेल, पण डोळ्यांसाठी म्हणून नाही. त्यांत क जीवनसत्त्व थोडंच आणि साखर भरपूर, म्हणून आईला मोजून दहा-बारा मणी.

शेजारच्या काकू विचारतात, गोळ्या बंद केल्या का? मुळीच नाही. अमेरिकेतल्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या २००१ च्या अभ्यासात ठरावीक जीवनसत्त्वं आणि जस्त घेतल्यावर मधल्या टप्प्यातल्या रुग्णांचा आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. २०१३ मध्ये त्यातलं बीटा-कॅरोटीन काढून १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन घातलं, कारण विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ते सगळे मोठे डोस एकत्र गोळीतूनच मिळतात. गेलेली नजर त्यानं परत येत नाही, मोतीबिंदूही थांबत नाही. माझ्या चाळिशीवर तर कुठल्याच फळाचा उपाय नाही, सुईत दोरा ओवायला चष्मा लागतोच.

बाजाराला माझे पाचपैकी साडेचार. आज सकाळी आईनं कागदासमोर उभं राहून डावा डोळा झाकला, मग उजवा, आणि म्हणाली, "कालच्यासारख्याच आहेत रेघा." मग पिशवी माझ्या हातात दिली, "पेरू घट्ट बघून आण."